अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि त्याचा मेंदू : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

बाळ काचेच्या पेटीतून घरी आलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष वजनाकडे लागतं. बाळसं धरलं का, गाल भरले का, हेच बघितलं जातं. मेंदू, डोळे आणि कान यांच्या तपासण्या मात्र "पुढं बघू" म्हणून मागे पडतात. लवकर जन्मल्यामुळे होणारं सगळंच नुकसान टाळता येत नाही, पण चुकलेल्या तारखांमुळे होणारं टाळता येतं. म्हणून इथली बरीचशी उत्तरं तारखांविषयी आहेत. मराठवाड्यातले आई-वडील, आजी-आजोबा आणि आशाताई जे प्रश्न विचारतात, त्यांतले मुख्य प्रश्न इथे घेतले आहेत.

अपुऱ्या दिवसांचं म्हणजे नेमकं किती दिवसांचं?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ. त्यातही ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ आणि २७ आठवड्यांचं बाळ यांच्यात फार फरक असतो. २८ आठवड्यांच्या आतली बाळं सगळ्यात नाजूक, २८ ते ३१ आठवड्यांची त्याखालोखाल, ३२-३३ आठवड्यांची मध्यम जोखमीची. "आमचं सातव्यातलं आहे" एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही, कारण सातवा म्हणजे २७ आठवडेही असू शकतात आणि ३० आठवडेही. आठवडा आणि दिवस विचारून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

पाळीची तारीख सणावरून आठवत असेल, म्हणजे "वटपौर्णिमेच्या आसपास" अशी, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख जास्त भरवशाची धरा. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेल्या तारखेत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो.

सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, हे खरं का?

नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसं आणि मेंदू सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतात. या समजुतीपायी आठव्यातलं बाळ मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

लवकर जन्मल्यामुळे मेंदूला होतं तरी काय?

मुख्यतः चार गोष्टी होतात.

पहिली, रक्तस्राव. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला गर्भावस्थेत नव्या पेशी तयार होण्याची एक जागा असते. तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय पातळ असतात आणि साधारण ३२ आठवड्यांनंतर ही जागा हळूहळू विरत जाते. बाळ त्याआधीच बाहेर आलं आणि रक्तदाब किंवा श्वास वरखाली झाला, तर या वाहिन्या फुटतात. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात. त्यांच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांतली बरीच मुलं पुढे ठीक राहतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीत डोक्यात पाणी साचण्याचा आणि हातापायांत कडकपणा येण्याचा धोका बराच वाढतो.

दुसरी, पांढऱ्या भागाची इजा. मेंदूतून निघणाऱ्या तंतूंवर विजेच्या वायरीवर असतं तसं आवरण चढायचं असतं. ते चढवणाऱ्या पेशी साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात फार हळव्या असतात. रक्तपुरवठा कमी पडला किंवा गर्भपिशवीत संसर्ग झाला, की त्या मरतात. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात. म्हणूनच लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये हातांपेक्षा पाय जास्त कडक होताना दिसतात.

तिसरी, साखर आणि कावीळ. गार पडलेल्या किंवा वेळेवर दूध न मिळालेल्या बाळाची रक्तातली साखर ४५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊन तिथेच राहिली, तर मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागाला इजा होऊ शकते. पुढे झटकेही येऊ शकतात. कावीळही या बाळांच्या मेंदूत कमी पातळीलाच शिरते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जो आकडा चालतो, तो ३१ आठवड्यांच्या बाळाला चालत नाही. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" हा सल्ला या बाळांसाठी धोक्याचा आहे.

चौथी गोष्ट सोनोग्राफीत दिसत नाही. मेंदूची शेवटच्या तीन महिन्यांतली वाढ पोटाबाहेर, उजेडात, आवाजात आणि सुयांच्या टोचण्यात होते. ३४ आठवड्यांना मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच असतं. उरलेली वाढ कशी होते, हे दूध, ऊब, झोप आणि संसर्गापासून बचाव यांवर अवलंबून राहतं.

मग प्रत्येक बाळाला काही ना काही दोष राहतोच का?

नाही. मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालीत कायमचा दोष राहतो, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली तेव्हा २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १०० मुलांपैकी साधारण १४-१५ जणांत, २८ ते ३१ आठवड्यांच्या १०० पैकी सहाजणांत आणि ३२ ते ३६ आठवड्यांच्या १०० पैकी एकापेक्षाही कमी मुलांत ती आढळली. पूर्ण दिवसांच्या बाळांत हेच प्रमाण हजारी एक इतकं असतं. म्हणजे सगळ्यात नाजूक गटातही बहुसंख्य मुलं चालतात.

सौम्य अडचणी याहून जास्त मुलांत दिसतात : लक्ष न टिकणं, गणित अवघड जाणं, अक्षर वेडंवाकडं येणं, उशिरा बोलणं. त्या शाळेच्या वयात उघड होतात, आणि तोवर हे बाळ लवकर जन्मलं होतं हेच सगळे विसरलेले असतात.

डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल आली. आता निर्धास्त राहायचं का?

निम्मं निर्धास्त. टाळूतून केलेल्या सोनोग्राफीत रक्तस्राव आणि मोठ्या पोकळ्या चांगल्या दिसतात, पांढऱ्या भागातली बारीक इजा दिसत नाही. शिवाय ती कधी केली हेही महत्त्वाचं आहे. तिसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीत रक्तस्राव कळतो, पण पांढऱ्या भागातल्या बारीक पोकळ्या तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाची पहिल्या आठवड्यात, महिन्याच्या सुमारास आणि मूळ प्रसूतीच्या तारखेजवळ, अशी पुन्हा पुन्हा सोनोग्राफी लागते. एकदाच झाली असेल तर पुढची कधी, हे घरी सोडतानाच विचारा. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. नुसत्या शंकेपोटी सीटी स्कॅन तर करूच नका, त्यात किरणोत्सर्ग असतो.

"सुधारित वय" म्हणजे काय, आणि ते कसं मोजायचं?

प्रसूतीची जी तारीख दिली होती, त्या दिवसापासून मोजलेलं वय. समजा बाळ ३० व्या आठवड्यात १ मार्चला झालं. दहा आठवडे आधी आलं, म्हणजे मूळ तारीख १० मे. १ सप्टेंबरला बाळ जन्मतारखेनं सहा महिन्यांचं होईल, पण सुधारित वय पावणेचार महिन्यांपेक्षा थोडं कमीच असेल. त्या दिवशी बाळ बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मान धरायला लागलं का, हे बघायलाच हवं.

विकासाचे टप्पे, वजन आणि डोक्याचा घेर दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानं बघायचे. लसी मात्र जन्मतारखेनं द्यायच्या. "बाळ बारीक आहे, नंतर देऊ" असं करू नका. या बाळांनाच डांग्या खोकला आणि न्यूमोनियाचा धोका जास्त असतो.

सुधारित वयाचा गैरवापरही होतो, तो ओळखा. "लवकर झालंय ना, उशिरानंच करणार" हे वाक्य एकदा आठवडे वजा केल्यानंतर पुन्हा वापरायचं नाही.

डोळ्यांच्या तपासणीची एवढी घाई कशासाठी?

कारण ही एकच तपासणी अशी आहे, की दोन-तीन आठवडे चुकले तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या अर्ध्यावरच आलेल्या असतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. या आजाराला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यामुळे घरी कळायचा कुठलाच मार्ग नाही.

आपल्याकडचा नियम : बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. मोठं बाळ असूनही खूप दिवस ऑक्सिजनवर होतं, तर त्याचीही तपासणी करा. इथे सुधारित वय लावायचं नाही. ही तपासणी पडद्याच्या डॉक्टरांकडूनच व्हावी लागते. बॅटरी मारून "बघतंय" असं सांगितलं, तर ती आरओपीची तपासणी झाली असं समजू नका. एकदा "ठीक आहे" म्हटलं तरी वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात, ते पाळा. आजार वाढलेला दिसला तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन दोन-तीन दिवसांच्या आत व्हायला हवं. पैशांची जुळवाजुळव करायला आठवडा मागू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

आणि कानांचं?

टाळी वाजवली, बाळ दचकलं, यावर विसंबू नका. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाची बेरा किंवा एबीआर ही तपासणी लागते. आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे ती बघते. साधी ओएई तपासणी कानाचा आतला भागच बघते. काविळीनं कानाच्या नसेला झालेली इजा तिला सापडत नाही. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र, हा क्रम आहे. ऐकू न आल्यामुळे बोलणं राहिलं आणि घरी मतिमंद समजले, असं होऊ देऊ नका.

तपासणीला कधी कधी न्यायचं? घरी काय बघायचं?

घरी सोडल्यावर आठवड्याच्या आत एकदा, मग वजन वाढेपर्यंत दर पंधरवड्याला, आणि नंतर सुधारित वयाच्या ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांना. त्यापुढे शाळेत जाईपर्यंत वर्षातून एकदा. आशाताई घरी येतात तेव्हा बाळ झोपलेलं असेल तरी उठवून दाखवा.

सुधारित वयानुसार पुढचं काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता न्या :

- तीन महिन्यांना नजर मिळवत नाही, हसत नाही.
- चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आवळलेल्या, अंगठा आत दाबलेला. मान अजून लुळी.
- लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात.
- एकच हात वापरतं. वर्षाच्या आत "आमचं डावखुरं आहे" असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्या.
- नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही.
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही.
- जमलेली गोष्ट विसरलं. हे कुठल्याही वयात.

तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान एक गोष्ट मुद्दाम बघण्यासारखी आहे. बाळ जागं, पोट भरलेलं, उताणं, अंगात फक्त झबलं. निरोगी बाळाचे मनगट, घोटे, मान आणि खांदे सतत बारीक-बारीक, सगळ्या दिशांनी हलत असतात. या हालचाली अजिबात नसतील, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता मोठी असते आणि ती वर्ष व्हायच्या कितीतरी आधी ओळखता येते. मोबाइल उभा धरून, खेळणं न दाखवता, तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तपासणीला न्या. बाळ रडत असेल तेव्हाचा व्हिडिओ उपयोगाचा नाही.

पाय कडक आहेत, टाचा टेकत नाहीत. वॉकर आणावा का?

आणू नका. वॉकरमध्ये बाळ चवड्यांवर उभं राहून ढकलत जातं. आधीच ओढलेल्या पोटऱ्या त्यानं आणखी आखडतात, शिवाय उंबरठ्यावरून डोक्यावर पडतं ते वेगळंच. काखेत धरून उभं करणं आणि "नाचवणं"ही बंद करा.

कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत मात्र उत्तम आहे. कंबरेवर दोन्ही पाय फाकवून बसवलं, की मांड्या उघडतात आणि खुब्याचा सांधा जागेवर राहतो. तसंच गोधडीची जाड वळकटी करून तिच्यावर घोड्यासारखं बसवा, तळपाय जमिनीला टेकलेले, पुढ्यात परात आणि दोन वाट्या. बाळ खेळण्यात रमतं आणि पोटरीला आपोआप ताण मिळतो. पोटरीचा ताण हातानं द्यायचा असेल, तर गुडघा सरळ ठेवून, टाच तळहातात धरून, पंजा हळूहळू नडगीकडे न्यायचा आणि २०-३० सेकंद धरायचा. झटका नाही. एकदा फिजिओथेरपिस्टकडून हात धरून शिकून घ्या, मग रोज घरीच करा. आठवड्यातून एकदा तालुक्याला जाऊन केलेल्या व्यायामापेक्षा घरी रोज लंगोट बदलताना केलेला व्यायाम जास्त लागू पडतो.

कडकपणा वाढत असेल, तर पायात रात्रीचे स्प्लिंट (पाय सरळ धरणारे आधार), स्नायू सैल करणारं बोटुलिनम इंजेक्शन, तोंडानं औषध असे उपाय असतात. खुबा सरकतोय का, यासाठी ठरावीक अंतरानं एक्स-रे काढावा लागतो, कारण सरकायला लागताना दुखत नाही.

मालिश, धुरी, गुटी : काय चालतं?

हलक्या हातानं तेल लावणं चालतं, झोपही चांगली लागते. बाळ स्थिर आणि वजन वाढतं असलं म्हणजे झालं. खोली गार नको. हातपाय ताणून गाठ मारल्यासारखे वळवणं, पायाला धरून उलटं लटकवणं, डोकं "गोल" करण्यासाठी दाबणं नको. कानात तेल नको आणि नाकात तर नकोच, ते फुप्फुसात उतरतं. धुरीचा धूर या बाळांच्या फुप्फुसांना सोसत नाही. काजळात शिसं असू शकतं. बिब्ब्यानं कातडी भाजते, आणि पोटावर डाग देणं म्हणजे जखम आणि संसर्ग, दुसरं काही नाही. जायफळाची गुटी दिली की बाळ गुंगून शांत झोपतं आणि आई-वडिलांना बरं वाटतं. पण सुस्ती हीच साखर कमी होण्याची आणि संसर्गाची पहिली खूण असते. गुटीनं ती झाकली जाते.

आजीला या गोष्टी सोडायला सांगताना तिच्या हाताला दुसरं काम द्या. कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी धरायला आजी उत्तम.

घरी रोज काय केलं तर मेंदूला मदत होते?

सगळ्यात आधी कांगारू पद्धत. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडलेले, मान एका बाजूला, वरून लुगडं बांधलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ८ ते २४ तासांचा आहे. वडिलांनी रात्रीची पाळी घ्यावी. मे महिन्याच्या उकाड्यात पातळ सुती कापड वापरा आणि पंख्याचा झोत थेट नको. पण उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी देऊ नका, दूध वाढवा. दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली तर लगेच दाखवा.

दूध आईचंच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. तोवर आणि दमत असेल तर नंतरही, काढलेलं दूध उकळलेल्या बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं द्या. बाटली नको. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब टाळू नका. शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून जे लोह मिळायचं, ते या बाळाला मिळालेलंच नसतं आणि लोहाविना मेंदूची वाढ खुंटते. साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर किलोमागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम लोह लागतं. बाटलीगणिक ताकद वेगळी असते, म्हणून किती मिली द्यायचं ते लिहून घ्या आणि वजन वाढलं की पुन्हा विचारा. डी जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट.

बाळ जागं असताना जमिनीवर सतरंजी टाकून पोटावर निजवा. सुरुवातीला आपल्या छातीवर एक-दोन मिनिटं, दिवसातून सात-आठ वेळा, मग वाढवत न्या. झोपवताना मात्र पाठीवरच. झोळीत तासन् तास ठेवलं की बाळाला हातपाय झाडायला जागाच राहत नाही. झोळी फक्त निजवण्यापुरती.

बोला, गाणी म्हणा, तुमचा चेहरा बाळापासून वीतभर अंतरावर आणा. या बाळांना लवकर थकवाही येतो. जांभई, उचकी, बोटं फाकवणं, तोंड फिरवणं दिसलं की थांबा. दोन वर्षांपर्यंत मोबाइल दाखवायचा नाही, जेवतानाही नाही.

ऊसतोडीला जायचंय. बाळाच्या तपासण्यांचं काय?

बीड, जालना, परभणी, धाराशिव इथल्या कितीतरी बाळांच्या तपासण्या याच कारणानं सुटतात. दिवाळीच्या आसपास गाडी निघते ती चैत्राच्या सुमारास परत येते, आणि डोळे, कान, मान धरणं हे सगळं त्या पाच-सहा महिन्यांतच येतं. शक्य असेल तर बाळ महिन्याचं होऊन डोळ्यांची पहिली तपासणी होईपर्यंत आई-बाळानं गावीच राहावं. निघायचंच असेल तर डिस्चार्ज कार्डाचे मोबाइलवर फोटो काढा, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि निघायच्या आधी पुढच्या तीन तारखा कार्डावर लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा देशभराचा आहे. कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, बाळाला दाखवता येतं. कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, पहाटेची थंडी फार असते. बाळ फडाच्या कडेला बाजेखाली न ठेवता कुणीतरी अंगाशी बांधून ठेवा. तळपाय गार लागले, तर आधी ऊब आणि लगेच दूध.

झटके आले तर?

कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन करा.

एक प्रकार मात्र झटक्यासारखा दिसतच नाही, आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. सुधारित वयाच्या चार ते आठ महिन्यांच्या आसपास, झोपेतून उठल्या-उठल्या, बाळ नमस्कार केल्यासारखं पुढे झुकतं, हात फाकतात, क्षणभर थांबतं आणि पुन्हा तेच. असं एकामागून एक दहा-वीस वेळा. घरात "दचकतंय", "पोटात मुरडा आहे" असं म्हणतात. त्याच काळात बाळाचं हसणं आणि बघणं कमी झालेलं असतं. व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, करून घ्या. उपचार एसीटीएच, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन यांनी होतो आणि उशीर होईल तसा मेंदूचा विकास जास्त मागे पडतो. झटक्यांचं कोणतंही औषध आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

डोकं मोठं वाटतंय.

अंदाज नको, टेपनं मोजा. भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून. रक्तस्राव झालेल्या बाळाचं दर आठवड्याला. आठवड्यात एक सेंटीमीटरहून जास्त वाढ, फुगलेली टाळू, उलट्या, नजर खाली ओढलेली, यांतलं काहीही असेल तर तातडीची सोनोग्राफी. पाणी साचत असेल तर शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी बारीक नळी, बसवावा लागतो. डोकं वाढतच नसेल, तर तेही सांगा.

मेंदूचं टॉनिक किंवा स्टेम सेलनं फरक पडतो का?

बुद्धी वाढवणारं म्हणून दिलं जाणारं कोणतंही सिरप या मुलांत उपयोगी सिद्ध झालेलं नाही. सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेलचे उपचार हे सिद्ध आणि मान्य उपचार नाहीत. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. त्या पैशांत वर्षभराची फिजिओथेरपी, चष्मा आणि श्रवणयंत्र होतं.

आता शाळेत आहे, चालतं-बोलतं, पण अभ्यासात मागे पडतं.

शिक्षकांना सांगा की हे मूल लवकर जन्मलं होतं. अशी मुलं बहुधा दंगा करत नाहीत. गप्प बसतात, पण लक्ष नसतं, म्हणून वर्गात दिसून येत नाहीत. फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते, गणितात आकडे एकाखाली एक येत नाहीत, बुटाची नाडी आणि शर्टाची बटणं जमत नाहीत. हा आळस नाही. आधी डोळे आणि कान पुन्हा तपासा, चष्म्याचा नंबर या मुलांत लवकर लागतो. मग पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, गणिताला चौकटीची वही. गरज असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि इतर सवलती मिळतात. पहिलीच्या वयाच्या अटीत मूल काठावर बसत असेल, तर एक वर्ष थांबणं बहुतेक वेळा भल्याचं ठरतं.

हे सगळं कुठे आणि किती खर्चात होतं?

सरकारी एसएनसीयूतले, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातले, उपचार आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची ने-आण मोफत आहे. बालस्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मिळतात. मोठ्या तपासण्यांसाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडचं विष्णुपुरी इथली वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. दोष कायमचा राहणार असं निश्चित झालं, तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात फिजिओथेरपीचाही खर्च धरतात.

जुन्या कागदांपैकी हे फेकू नका : जन्माचा आठवडा आणि वजन, किती दिवस ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर, काविळीचा सगळ्यात जास्त आकडा, साखरेचा सगळ्यात कमी आकडा, डोक्याची सोनोग्राफी, आरओपी आणि बेराचे अहवाल, झटक्यांच्या औषधाचा डोस.

पुढचं बाळही असंच लवकर होईल का?

शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण हातात बरंच आहे. दोन बाळंतपणांत निदान दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवा. मिसरी पूर्ण बंद करा, ती नुसती दातांना लावली तरी तंबाखू रक्तात जातो. रक्त वाढवा, लघवीतला संसर्ग वेळेवर बरा करा. पहिल्याच भेटीत "आधीचं बाळ इतक्या आठवड्यांना झालं" हे सांगा. सोळा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीनं पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात आणि गरज असेल तर प्रोजेस्टेरॉन किंवा टाका देतात.

तरीही आधी कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर बाळ पोटात असतानाच एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. जन्मानंतर हलवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. २४ ते ३४ आठवड्यांत आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शनं बारा-बारा तासांनी चार वेळा देतात. त्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल, तर मॅग्नेशियम सल्फेट दिल्यानं सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी होतो. रवानगीच्या चिठ्ठीवर यांतलं काय, किती वाजता दिलं, हे गाडीत बसायच्या आधी लिहून घ्या.